परक्या टॅपेट कव्हराची प्रतिष्ठापना

इंजिनाच्या सिलिंडर हेडवर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर, स्प्रिंगा आणि पुशरॉडची टोके असतात. त्यांच्यावर जे झाकण बसते ते टॅपेट कव्हर. हे झाकण पत्रा दाबून केलेले किंवा अॅल्युमिनियमचे ओतीव असते आणि त्याला पाच कामे असतात. आतले तेल आत ठेवायचे, बाहेरची धूळ बाहेर ठेवायची, रॉकरचा खडखडाट दाबायचा, बऱ्याच इंजिनांत तेल ओतायचे तोंड अंगावर वागवायचे आणि ब्रीदरची नळी सांभाळायची. सहावे काम कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले नाही, पण बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत तेच मुख्य समजले जाते. ते म्हणजे चहाचे ग्लास ठेवायला सपाट आणि कोमट जागा पुरवणे.

स्वतःच्या इंजिनावर स्वतःचे कव्हर बसवायला दहा मिनिटे लागतात आणि त्यात लिहिण्यासारखे काही घडत नाही. विषय सुरू होतो तो एका इंजिनाचे कव्हर दुसऱ्याच्या हेडवर चढवायला घेतल्यावर. ही क्रिया जगभर चालते, परंतु ती यशस्वी झाल्याचे जाहीर करण्याची इथली घाई अन्यत्र क्वचितच आढळते. कव्हर हेडला नुसते टेकले की उपस्थितांपैकी कोणीतरी "बसतंय की!" म्हणतो, आणि तिथून पुढचा सगळा दिवस त्या माणसाचा शब्द खरा करण्यात जातो.

या दोन तालुक्यांत परकी कव्हरे एवढी का साचली, हे कळायला इंजिनांची थोडी पूर्वपीठिका लागते. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि बागायत आली. पाटाचे पाणी पोचले नाही तिथे विहिरीवर इंजिन आले. सातारारोडच्या कूपरची इंजिने, १९४६ साली खडकीत निघालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने, मागाहून राजकोटहून आलेली, ब्रिटिश लिस्टर आणि पेटर यांच्या वळणावर घडवलेली इंजिने, अशी ही वस्ती वाढत गेली. राजकोटात ओतकामाचे कारखाने अनेक आणि साचा ज्याचा त्याचा. त्यामुळे दोन इंजिने दुरून सख्खे भाऊ वाटतात आणि कव्हर बदलायला घेतले की चुलतही निघत नाहीत.

पुढे विहिरीवर वीज आली आणि इंजिने खाली उतरली. पण उतरवलेले इंजिन इथे कोणी टाकून देत नाही. ते गोठ्याच्या कडेला पोत्याखाली बसते, उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे सरकले की पुन्हा बाहेर निघते, मधल्या काळात कडबाकुट्टीला, गुऱ्हाळाला, गिरणीला उसने जाते, आणि परत येते ते बहुधा वेगळ्याच कव्हरासह. कोणाचे कोणाकडे गेले याची नोंद कुठेही नाही. ती असती तर बांधाच्या भांडणांत आणखी एका प्रकाराची भर पडली असती, तेव्हा नाही हे बरेच आहे.

दुसरा थर ट्रॅक्टरांचा. ऊस आहे तिथे ट्रॅक्टर आहे, आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी एवढे कारखाने आसपास असल्यावर ट्रॅक्टरांना तोटा नाही. तिसरा थर तीनचाकींचा. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना असल्याने आपे रिक्षाचे इंजिन आपल्याला उघडता येत नाही असे म्हणणारा माणूस गावात सापडत नाही. उघडलेले मिटवता येणारे मात्र थोडे.

आणि याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात वसवलेल्या या गावात साखरेच्या जोडीने जड यंत्रे बनू लागली आणि पुढे अवकाशसंस्थेच्या रॉकेटांची आवरणेही. चांद्रयान-३ ज्या रॉकेटावर २०२३ साली निघाले, त्याच्या बूस्टरचे भाग तिथून गेलेले आहेत. तीन मीटरहून जास्त व्यासाची ती नळकांडी एकमेकांना केसभर फरकाने जुळावी लागतात. त्याच तालुक्यात वीतभर लांबीचे झाकण चार बोल्टांवर जुळवताना तीन पिढ्या, दोन मिस्त्री आणि एक सरपंच खर्ची पडतात. यात विसंगती काही नाही. रॉकेट जुळवणाऱ्यांना मूळ झाकण विकत घेण्याची परवानगी असते.

मूळ कव्हर नाहीसे होण्याची कारणे बरीच आहेत. ते काढून ठेवले जाते आणि जिथे ठेवले तिथेच नसते. त्यात कोंबड्यांना पाणी ठेवले जाते. टॅपेट जुळवताना ते जमिनीवर पालथे असते आणि पाठीमागे सरकणाऱ्या माणसाचा पाय नेमका त्यावरच पडतो. सर्वांत पक्की वाट भंगारवाल्याची.

"पोत्याखाली काळं पडलं व्हतं, ते कुठाय?"

"त्याचा लसूण आला."

"आगं, ते इंजनाचं झाकण व्हतं!"

"मग आता लसूण लावा."

इथून शोधाला प्रारंभ होतो. सरळ मार्ग म्हणजे दुकानात जाऊन इंजिनाचे नाव आणि नंबर सांगून कव्हर मागणे. हा मार्ग शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. कारण नावाची पाटी इंजिनावर असते, इंजिन शेतात असते, आणि गिऱ्हाईक बारामतीत. किर्लोस्करच्या जुन्या एकसिलिंडरी इंजिनांत एव्ही-१ आणि टीव्ही-१ अशी दोन नावे गाजलेली आहेत. दोघांचा स्ट्रोक ११० मिलिमीटर, पण एकाचा बोअर ८० आणि दुसऱ्याचा साडेसत्याऐंशी. नावात एका अक्षराचा फरक असल्याने काउंटरवर जो संवाद होतो तो ठरलेला आहे.

"एव्ही वन का टीव्ही वन?"

"टीव्ही एकच हाय, घरी. हे इंजनाचं इचारतोय."

"तेच विचारतोय, तात्या. इंजिन एव्ही का टीव्ही?"

"आवं, इंजनावर टीव्ही कशाला बसवू?"

दुकानदार मग घोड्यावर चढून तीन कव्हरे काढतो: एक कंपनीचे, एक लोकल आणि एक ज्याच्याविषयी तो फक्त "हे पण चालतंय" एवढेच बोलतो. गिऱ्हाईक तिन्ही हातात घेऊन वजन करते, बोटाने वाजवते, कंपनीच्या कव्हराची किंमत ऐकते, आणि "इंजनाला एकदा इचारून येतो" म्हणून बाहेर पडते. पुढचा मुक्काम भंगाराचे दुकान. हौस जास्त असेल तर पुण्याचा जुना बाजार, जिथे रविवारी आणि बुधवारी जगातल्या सर्व इंजिनांची कव्हरे मिळतात, हवे ते सोडून.

नमुना नेण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली हाताने दाखवण्याची: दोन्ही तळवे समोरासमोर धरून "एवढं" म्हणायचे आणि एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत ते अंतर हलू द्यायचे नाही. खांबाला धरायची वेळ आली की पद्धत संपते. दुसरी फोटोची. फोटोत कव्हराची जागा दिसते, मिस्त्रीचा अंगठा दिसतो, मागे उभी म्हैस दिसते, फक्त माप दिसत नाही. अनुभवी लोक शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढतात, त्यामुळे निदान काडेपेटी ओरिजिनल आहे हे दुकानदाराला कळते. तिसरी पद्धत शास्त्रीय: हेडच्या कडेवर कागद ठेवून हातोडीच्या गोल डोक्याने हलके ठोकत जायचे. कडेचा आणि भोकांचा हुबेहूब ठसा उमटतो. मात्र हा कागद घडी घालून खिशात जातो, दुकानात उलटा उघडतो, आणि भोके तिरकी असलेल्या हेडसाठी त्याची आरशातली आवृत्ती खरेदी होते. कागदाला वर-खाल असते हे मान्य करायला गिऱ्हाईक शेवटपर्यंत तयार नसते.

कव्हर घरी आले की प्रत्यक्ष बसवणी सुरू होते. ती शक्यतो रात्री करावी लागते. पाटाच्या पाण्याची पाळी रात्री दोनला असते आणि शेतीची वीज नेमकी त्या आठवड्यात दिवसाची असते, किंवा उलट. इंजिनाची आठवण तेव्हाच होते. मोबाइलच्या उजेडात मिस्त्री कव्हर हेडवर ठेवतो, कोणीतरी "बसतंय की!" म्हणतो, आणि मागे फिरण्याचा रस्ता बंद होतो.

भोकांविषयी नियम असा की चार असतील तर तीन जुळतात. सहा असतील तर पाच. न जुळणारे भोक नेहमी त्या कोपऱ्यात असते जिथे डिझेलची टाकी आडवी येऊन पाना फिरत नाही. पहिला उपाय गोल कानस: भोक वाढवून लांबट करायचे. दुसरा उपाय भोक सोडून देणे. "तीनवर बी धरतंय" हे वाक्य मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणतो, आणि चौथ्या कोपऱ्याला बाइंडिंगची तार आवळतो. लांबट झालेल्या भोकातून बोल्टाचे डोके आत बुडू नये म्हणून वायसर लागतो. जुने मिस्त्री यासाठी १९४३ ते १९४७ या काळात पाडलेला भोकाचा पैसा वापरत, असे त्यांचे नातू सांगतात. आता तो पैसा नाणी जमवणाऱ्यांच्या पेटीत गेला असून गळती आहे तिथेच आहे.

आट्यांचा प्रश्न याहून खोल आहे. जुनी इंजिने ब्रिटिश मापांची, म्हणजे सुतांची. आठ सुतांचा एक इंच. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण स्टडला तो कोणी वाचून दाखवला नाही. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, मेट्रिकचा आठ नंबरी ८ मिलिमीटरचा. फरक सहा शतांश मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्याला शून्य आणि मिस्त्रीच्या स्वभावाला शून्याहून कमी. खरी फसगत आट्यांच्या अंतरात आहे. व्हिटवर्थ आट्यात ते १.४१ मिलिमीटर आणि मेट्रिकमध्ये १.२५. त्यामुळे परका बोल्ट दोन-तीन फेरे अगदी राजीखुशीने जातो, सर्वांचा विश्वास संपादन करतो आणि मग अडतो. या टप्प्यावर दोन पंथ पडतात. एक म्हणतो, काढा. दुसरा पान्याला पाइप लावतो. दुसऱ्या पंथाचे अनुयायी कायम बहुसंख्य असतात. बोल्ट तुटल्याचा आवाज बारीक असतो, पण त्यानंतरची शांतता लांबवर ऐकू जाते.

"काय झालं?"

"काय न्हाय. टाइट झालं."

भोके आणि आटे यांतून पार पडले तरी उंची राहते. परके कव्हर बुटके असले की रॉकर त्याला आतून टकरा देतो. यावर कव्हर आतून ठोकून वर फुगवण्याचा उपाय आहे. त्यामुळे कव्हराला टेंगूळ येते, रॉकरला जागा मिळते, आणि चहाचा ग्लास ठेवण्याची सोय जाते. या शेवटच्या कारणावरून मालक आणि मिस्त्री यांच्यात वर्षभर अबोला राहिल्याचे ऐकिवात आहे. दुसरा उपाय कव्हर आणि हेड यांच्यामध्ये पट्टी घालून त्याला उचलण्याचा. गॅस वेल्डिंगवाल्याकडे जाऊन लोखंडी पट्टीची चौकट करून घेतात. तिला खालून हेडची भोके आणि वरून कव्हराची भोके असतात, म्हणजे गळायला एकाऐवजी दोन जागा मिळतात.

अशा पट्टीला गावठी म्हणून हसण्याचे कारण नाही. अमेरिकेत शेव्हरोलेचे व्ही-८ इंजिन १९५५ साली निघाले. पहिली काही वर्षे त्याच्या कव्हरांची वरची आणि खालची भोके एकमेकांसमोर नव्हती, १९६० पासून ती समोरासमोर आली, आणि १९८७ साली कडेचे बोल्ट जाऊन कव्हराच्या मधोमध बोल्ट आले. तेव्हापासून तिथले हौशी लोक एका काळाचे कव्हर दुसऱ्या काळाच्या हेडवर चढवण्यासाठी जी वस्तू खोक्यात घालून विकतात, ती भोके बदलून देणारी पट्टीच आहे. फरक एवढाच की तिथे खोक्यावर किंमत छापलेली असते, इथे वेल्डिंगवाला गिऱ्हाइकाच्या चपलेकडे बघून ती ठरवतो. हार्ले-डेव्हिडसनच्या चाहत्यांनी तर कव्हरांच्या आकारावरून इंजिनांनाच नावे ठेवली आहेत. १९३६ चे मुठीच्या पेरांसारखे दिसते म्हणून नकलहेड, १९४८ चे पालथ्या तव्यासारखे म्हणून पॅनहेड, १९६६ चे फावड्यासारखे म्हणून शोव्हलहेड. हीच रीत इकडे लावायची तर निम्म्या इंदापूर तालुक्यातल्या इंजिनांना पत्रिकाहेड म्हणावे लागेल. त्याचे कारण पॅकिंगच्या प्रकरणात येते.

कव्हर आणि हेड यांच्यामध्ये पॅकिंग असते. कंपनीचे पॅकिंग कॉर्कचे किंवा रबराचे आणि मापात कापलेले मिळते. परक्या कव्हराला परके पॅकिंगही चालत नसल्याने ते घरी कापावे लागते. ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब काही दिवस चांगली चालते, मग तेल पिऊन फुगते आणि कव्हराच्या कडेने बाहेर डोकावते. सिलिकॉनची नळी हाताशी असली तर ती पूर्ण पिळल्याशिवाय मिस्त्रीचे समाधान होत नाही. बाहेर आलेले बोटाने पुसता येते; आत गेलेले सुकून, सुटून तेलाच्या जाळीत जाऊन बसते आणि झाकणाची दुरुस्ती यथावकाश अख्ख्या इंजिनाच्या दुरुस्तीत रूपांतरित होते. या सगळ्यांपेक्षा भरवशाची वस्तू म्हणजे लग्नपत्रिका.

पत्रिकेचा पुठ्ठा जाड, एकसारखा आणि फुकट. गावात पुढाऱ्याच्या घरचे लग्न झाले की त्या हंगामात कोणतेही इंजिन गळत नाही, असा मिस्त्रींचा अनुभव आहे. पातळ पत्रिकेवरून यजमानाची परिस्थिती आणि त्याच्या इंजिनाचे भवितव्य दोन्ही कळते. पत्रिका हेडवर ठेवून ठोकली की "आमच्या येथे श्रीकृपेकरून" या ओळीतून एक बोल्ट जातो, मुहूर्तातून दुसरा, आणि "आहेर आणू नये" बरोबर एक्झॉस्टच्या बाजूला येऊन भाजते. अडचण एकच असते. पत्रिकेच्या माथ्यावर गणपती असतो. त्याच्यावर काळे तेल पडू देणे कोणालाही मान्य नसते. म्हणून मिस्त्री तेवढा भाग कात्रीने अदबीने कापून काढतो, डोक्याला लावतो आणि ट्रॅक्टरच्या मीटरजवळ खोचून ठेवतो. पॅकिंग तेवढ्या जागी उणे राहते आणि गळती तिथूनच सुरू होते. ती कुठून होते हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याबद्दल बोलायचे कसे हा प्रश्न असल्याने इंजिनाला "थोडं पाझरतंय" एवढेच म्हणतात.

पाझर थांबवण्यासाठी बोल्ट आवळणे ही पुढची पायरी. टॅपेट कव्हराच्या बोल्टांना फारच थोडा जोर लागतो. छोट्या पान्याने, मनगटाच्या बळावर काम होते. ही माहिती पुस्तिकेत छापलेली असते आणि मिस्त्रीच्या अपमानास पुरेशी असते. पत्र्याचे कव्हर जास्त आवळले की बोल्टाखाली दबते आणि दोन बोल्टांच्या मधे कमानीसारखे उचलले जाते. मग आणखी गळते. मग आणखी आवळतात. कव्हर सरळ रेषेपासून पूर्ण मुक्त होईपर्यंत हे चालते. या अवस्थेतल्या कव्हराला खालून पाहिले तर उजनीच्या पाण्यावरच्या लाटांची आठवण होते, पण भिगवणला रोहित पक्षी बघायला येणारे पाहुणे ते बघायला थांबत नाहीत.

ब्रीदरकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते, आणि अनेक इंजिनांत ती वाट टॅपेट कव्हरातून असते. परक्या कव्हराला ती नसली तर तो वायू आतच दाटतो आणि मिळेल त्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. पुढून गळते, मागून गळते, तेल मोजायची पट्टी आपण होऊन वर येते. जमलेले तज्ज्ञ एकमताने निदान करतात की बोअर गेला. बोअरचे काम होते, पिस्टन बदलतो, रिंगा बदलतात, खर्चाचा आकडा म्हशीच्या किमतीला पोचतो आणि कव्हर तेच राहते. ते तर चांगले बसलेले असते.

तेल ओतायचे तोंडही असेच. कव्हर फिरवून बसवल्यावर ते कधी सायलेन्सरखाली येते, कधी टाकीला चिकटते. मग पाण्याच्या बाटलीचा तळ कापून नरसाळे करतात, त्याला नळी जोडतात, आणि तेल घालायला दोन माणसे लागतात: एक ओतायला आणि एक "आता बास" म्हणायला. दुसऱ्याचे लक्ष बहुधा फोनवर असते.

हँडल मारून चालू करायच्या काही इंजिनांत हवा सोडायचा खटका याच कव्हरावर असतो. खटका उचलला की एक व्हॉल्व्ह उघडा राहतो, हँडल हलके फिरते, वेग आला की खटका सोडायचा आणि इंजिन धरते. परक्या कव्हराचा खटका आतल्या रॉकरपर्यंत पोचत नसेल तर हँडल हलतच नाही आणि गावातले तालमीचे पैलवान बोलवावे लागतात. तो जरुरीपेक्षा जास्त पोचत असेल तर व्हॉल्व्ह कायम उघडा राहतो. त्या वेळी हँडल इतके हलके फिरते की नवशिक्यांना हर्ष होतो.

"लई हलकं झालं की वो इंजिन! कव्हरानं गुण दिला."

"मारत ऱ्हावा. धरंल."

ते धरत नाही. तासाभराने हँडल मारणारा बसतो, दुसरा उठतो, आणि पहाटेपर्यंत दोन्ही बाजूंच्या भावकीचे हात या इंजिनाला लागून जातात. पाटाचे पाणी तोवर शेजाऱ्याकडे गेलेले असते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत वेळेची अडचण आणखी मोठी, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की हंगाम संपेपर्यंत ट्रॅक्टर थांबवणे कोणालाच परवडत नाही. मग दुरुस्ती उसाच्या रांगेतच करावी लागते. दोन ट्रेलर उसाने भरून ट्रॅक्टर कारखान्याबाहेर उभा असतो, पुढे-मागे तशीच लांबलचक ओळ असते, आणि सर्वांच्या स्पीकरवर वेगवेगळी गाणी चालू असतात. या स्पीकरांचा टॅपेटच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. रॉकर कव्हराला आदळत असल्याचे ड्रायव्हरला स्पीकर बिघडेपर्यंत कळत नाही. काही जण त्यावर उपाय म्हणून पहिल्यांदा स्पीकर दुरुस्त करतात.

रांगेत कव्हर उघडायला हरकत नसते, परंतु उघडल्याबरोबर रांग सरकते, हा नियम अपवादाशिवाय आढळला आहे. दिवसभर न हललेली ओळ त्याच क्षणी वीस फूट पुढे जाते. मागचा हॉर्न मारतो. जागा सोडली तर मधे बैलगाडी घुसते आणि एकदा घुसलेली बैलगाडी कोणत्याही हॉर्नने मागे जात नाही. तेव्हा ट्रॅक्टर तसाच, उघड्या टाळूने चालू करतात. रॉकर मोकळ्या हवेत नाचू लागतात आणि तेलाचे बारीक शिंतोडे चहूकडे उडतात. बघायला वाकलेल्यांत एक जण पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला असतोच. संचालक मंडळाच्या निवडणुका जवळ असल्या तर दोन. तो मागे सरकत रुमालाने सदरा टिपतो आणि हसून म्हणतो, "चालायचंच, शेतकऱ्याच्या घामाचं तेल आहे." त्याच्या पाठोपाठ निघणारा शब्द भाषणातला नसतो.

बघे हा या क्रियेचा आवश्यक घटक आहे. त्यांच्याशिवाय कव्हर बसल्याची उदाहरणे असली तरी त्यांची चर्चा होत नसल्याने ती मोजता येत नाहीत. प्रत्येक जमावात एक निवृत्त माणूस असतो, ज्याने तरुणपणी असेच कव्हर साखरेच्या पोत्याच्या सुतळीने बसवले होते आणि ते "अजून हाय". एक असतो जो मुंबईत गोदीत होता. तो जहाजाच्या इंजिनाची गोष्ट काढतो, ज्याच्या हेडवर माणूस चढून काम करतो, आणि या झाकणाला तुच्छतेने पाहतो. एक आयटीआय झालेला पोरगा असतो, जो हळूच सांगतो की नंबर कळवला तर कंपनीचे कव्हर दोन दिवसांत येईल. त्याला चहा आणायला पाठवतात.

या विषयावर लिहिणाऱ्यांचे हात सामान्यतः स्वच्छ असतात आणि मिस्त्री लिहीत नाहीत, त्यामुळे खर्चाचा हिशेब दोन्हीकडून राहून जातो. तो सोपा आहे. भंगारातले कव्हर नव्याच्या चौथाई किमतीत मिळते. त्यावर बारामतीच्या दोन फेऱ्या, वेल्डिंगची पट्टी, तुटलेला स्टड काढणे, नवे आटे पाडणे, सिलिकॉन, बघ्यांचा चहा आणि गेलेली पाण्याची पाळी चढते. बेरीज कोणी करत नाही, कारण प्रत्येक रक्कम वेगळ्या खिशातून गेलेली असते. मालकाला विचारले तर तो पहिलाच आकडा सांगतो आणि पुढे जोडतो, "नव्याला मूर्ख लोक पैसं घालत्यात."

शेवटचा टप्पा विक्रीचा. इंजिन किंवा ट्रॅक्टर जुन्यात निघतो तेव्हा गिऱ्हाईक सर्वांत आधी बॉनेट उघडून टॅपेट कव्हराकडे बघते. तीन सिलिंडरांना तीन वेगळी हेडे असलेल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर एक कव्हर हिरवे, एक लाल आणि एक निळे असले तर बोलणे थोडे लांबते.

"कव्हरं कंपनीची हायत नव्हं?"

"कंपनीचीच. तिन्ही."

"एकाच कंपनीची?"

"आता कंपनीचं म्हणल्यावर कंपनीचंच की, आबा. येवढं कुठं खोदून इचारत्यात व्हय?"

भाव ठरतो, विसार दिला जातो, आणि मालक गोठ्यातून एक पोते ओढत आणतो. त्यात आजवर आणलेली, लावून बघितलेली, न बसलेली सगळी कव्हरे असतात: दोन बुटकी, एक टेंगळाचे, एक उलट्या कागदावरून घेतलेले, एक रिक्षाचे आणि एक जे कव्हर आहे की पितळी तव्याचे झाकण, याचा निकाल लागलेला नाही. या गाडीला त्यातले एकही लागत नाही. गिऱ्हाईक पोते उचलून पाहते, वजनावर खूश होते, ट्रेलरमध्ये टाकते आणि बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागताना मागे वळून म्हणते, "ऱ्हाऊ द्या. कुठं ना कुठं बसत्यालच की."